पहिल्या नगाची ओटी

दिवस उजाडल्यापासून बसवेशच्या पायाला भिंगरी लागली होती. चहा अर्धा प्यायचा, कप खिडकीत ठेवायचा, कारखान्यात जाऊन भट्टीकडे बघायचं, परत घरात यायचं आणि कप कुठे ठेवला ते शोधत बसायचं. आणि दर खेपेला मागच्या दाराची डावी झडप धाडकन आपटायची, हा दचकायचा, दाराला एक शिवी हासडायचा. दाराचा काही दोष नव्हता. उद्यमनगरातल्या त्या घराचं मागचं दार दोन झडपांचं. उजवीला आक्कानं धरून ठेवलं होतं, डावीला धरायला कुणी नव्हतं. ‘उद्या हूक बसवतो’ हे बसवेश गेली वीस वर्षं म्हणत होता. लोखंडाचा कारखाना असलेल्या माणसाच्या घरात एक हूक नसावा, याला काय म्हणायचं ते म्हणा.

आक्का म्हणजे कुणी बाई नव्हे. दुधी भोपळ्याच्या आकाराचं, वीतभर उंचीचं ते एक पोकळ बिडाचं ओतीव होतं. उखळी तोफेच्या गोळ्याचं नुसतं टरफल. त्यात दारू कधी भरली गेली नाही. महायुद्धातला तो नग ऐंशी वर्षं या घरात दाराला टेकू होऊन बसला होता. बसवेशची आई, शांतव्वा, दर अमावस्येला त्याला खोबरेल तेल चोळायची आणि घरातली पोरंटोरं त्याला आक्का म्हणायची. बिनलग्नाची राहिलेली थोरली बहीण असावी तशी ती घरात होती.

आता ही आक्का कशी झाली, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बसवेशचे आजोबा, शिवाप्पा अज्जा, गुऱ्हाळाचे चरक ओतायचे. नव्या साच्यातून पहिला नग निघाला की त्याची ओटी भरायची, ही त्यांच्या फौंड्रीची रीत. पहिला नग म्हणजे घरची लेक. तिला पाटावर ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, खणनारळानं ओटी भरायची, आणि घरातल्या थोरल्या बाईनं तिच्या अंगावरून हात फिरवून म्हणायचं, ‘ज्याच्या घरी जाशील, त्याचं भलं कर.’ मग सगळ्या नगांच्या पुढे ती गाडीत चढायची. ओटी भरल्याशिवाय दुसरा साचा ओतायचा नाही. चरक गेले, तेलाची इंजिनं आली. इंजिनं गेली, पंप आले. पंपानंतर ट्रॅक्टरचे आणि गाड्यांचे भाग. साचे बदलले, वाक्य बदललं नाही. पावसाळा असो, संप असो, टाळेबंदी असो, लेक कधी मोकळ्या ओटीनं घराबाहेर पडली नाही.

युद्ध लागलं तेव्हा एक साहेब आला आणि चरकांचे साचे बाजूला ठेवायला लावून गेला. उखळी गोळ्यांची टरफलं हवी होती. दारू भरायचं काम दुसरीकडे. शिवाप्पा अज्जाचं छप्पर तेव्हा गवती होतं. ते उतरून लोखंडी कैचीचं पत्र्याचं झालं, माणसं तिप्पट झाली, वाळू चाळायला बायका लागल्या. पहिला नग निघाला त्या दिवशी अज्जी, नीलव्वा, रीतीप्रमाणे आली, तिनं ओटी भरली आणि वाक्य म्हणाली. नेमका त्याच दुपारी गगनबावड्याकडचा एक जवान, सुटीवर आलेला, आपल्या भावाला भेटायला कारखान्यात शिरला. पाटावर खणनारळासकट बसलेलं ते टरफल बघून तो थांबला आणि म्हणाला, “वैनी, ह्याची कसली ओटी भरलीसा? हे कौलावर पडलं की घरात ओटी भरायला बाई उरत न्हाय.”

नीलव्वानं ते टरफल खणासकट पदरात घेतलं आणि घर गाठलं. ‘ही लेक मी घालवणार न्हाय’ म्हणाली आणि दाराशी ठेवून दिलं. बाकीचे हजारो नग वॅगनी भरभरून गेले. त्यांच्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. आमच्याकडे ही गोष्ट हसत सांगतात. हसण्यासारखी आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तर त्याच कारखान्यात, त्याच लोखंडी कैच्यांखाली, परत उखळी तोफेचे गोळे ओतायचे ठरले होते. फरक एवढाच की टरफल आता मोठं होतं, हातभर उंचीचं, आणि ओतीव लोखंड जास्त चिवट. आणि घेणारा साहेब नव्हता, पुण्याचा एक मध्यस्थ होता. तो गुळगुळीत बोलायचा.

बसवेशला हे काम हवं होतं. हवं होतं म्हणजे काय, त्याच्याशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. इंजिनांच्या ज्या भागांवर कारखाना जगला, ते भागच नव्या विजेच्या गाड्यांमध्ये नाहीत. दोन पाळ्यांची एक पाळी झाली होती आणि ती एकही आठवड्यातून तीन दिवसांवर आली होती. शेजारच्या फौंड्रीच्या जागेवर गाड्यांचं शोरूम उभं राहिलं, तेव्हापासून बसवेश त्या रस्त्यानं जायचाच नाही. हे काम त्याची मुलगी शिवलीला हिनं मिळवलं होतं. इंजिनिअर झालेली पोर, पुण्यातली नोकरी सोडून बापाच्या कारखान्यात आली होती, आणि नमुने पास करून घेण्यासाठी तिनं सहा महिने जिवाचं रान केलं होतं.

म्हणून तो खोटं बोलला. काल संध्याकाळी आव्वानं, म्हणजे त्याच्या आईनं, विचारलं, “उद्या ओटी हाय म्हणं. कसला नग रं?”

“पंपाचा भाग हाय आव्वा,” तो म्हणाला. “मोठ्या पंपाचा.”

आव्वाच्या डोळ्यांत पडदे आले होते. माणूस आला एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. बसवेशनं त्या डोळ्यांचा भरवसा धरला होता. ‘हां’ म्हणून ती वाती वळत राहिली. रात्रभर ती झडप आपटत होती आणि बसवेश कूस बदलत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

कारखान्यात तो पुन्हा गेला तेव्हा पाट मांडून झाला होता. काल ओतलेला पहिला नग रात्रीत थंड होऊन, घासूनपुसून पाटावर उभा केला होता. पलीकडे वाळूच्या साच्यांची ओळ लागली होती. भट्टीत लोखंड लालपिवळं होऊन उसळत होतं. शिवलीला फोनवर बोलत उभी होती. बापाला बघून तिनं फोन खाली घेतला.

“बाबा, तुम्ही बसा की एका जागी. बघून मलाच घेरी यायला लागली.”

“ते पुण्याचं काय म्हणतंय?”

“दुपारी फोन करतो म्हणाले. पहिली बॅच ओतली का विचारायला.”

“आणि आपला माल जाणार कुठं, ते विचारलंस?”

ती जरा वैतागली. हा प्रश्न तो चौथ्यांदा विचारत होता. “विचारलं. परदेशात एवढंच सांगतात. कुठल्या देशात ते आपल्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही म्हणाले. बाबा, आपण नाही ओतलं तर दुसरा कुणीतरी ओतणारच आहे. लोखंड आपलं नसेल, गोळा तोच असेल.”

हे खरं होतं. खोटं काढायला बसवेशनं रात्रभर प्रयत्न केला होता.

भट्टीजवळून गुंडूमामा आला. नेसरीचा गडी, चाळीस वर्षं साचे भरत आलेला, आता मुकादम. त्याचा राजवीर फौजेत होता, वर कुठेतरी बर्फात. “मालक, मनाला लावून घेऊ नगासा,” तो म्हणाला. “माझं पोरगं तिकडं हुबं हाय. त्याच्या हातात असलंच काय तरी आसतंय. ते कुणीतरी वतलंयच की न्हाय?”

“तुझ्या राजवीरकडं जाणार असता गुंडूमामा, तर मी नाचत वतला असता.”

“मग ह्यो कुणाकडं चाललाय?”

बसवेशनं शिवलीलाकडे बघितलं. शिवलीलानं साच्यांकडे. गुंडूमामा काय समजायचं ते समजला आणि टोपी सारखी करून म्हणाला, “बरं, आव्वास्नी आणा. लोखांड तयार हाय. त्ये माणसागत वाट बघत बसत न्हाय.”

बसवेश आव्वाला आणायला घरात गेला. ती तयार होऊन बसली होती. हिरवं इरकली लुगडं, कपाळावर विभूती, मांडीवर ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. तिच्या खांद्याला धरून तो तिला घेऊन निघाला. मागच्या दारातून जाताना ती खाली वाकली, उजव्या झडपेशी बसलेल्या आक्काला बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला नेली. ती रोजच असं करायची. आज मात्र बसवेशनं मान फिरवली.

गडी गोळा झाले. चपला काढून सगळे अर्धगोलात उभे राहिले. आव्वा पाटासमोर बसली. तिनं नगाला हळदकुंकू लावलं, खण पुढे ठेवला, त्यावर नारळ आणि ओंजळभर तांदूळ. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. बसवेशचा श्वास मोकळा व्हायला लागला.

मग ती वाक्य म्हणण्यासाठी नगावरून हात फिरवायला लागली.

बसवेशनं तिच्या डोळ्यांचा हिशेब केला होता, हातांचा केलाच नव्हता. साठ वर्षं त्या हातांनी दर अमावस्येला एका टरफलाला तेल चोळलं होतं. हातभर मोठं झालं म्हणून काय झालं? पोट तसंच, कंबर तशीच खाली निमुळती होत गेलेली, वर गळ्याशी तीच कड. तिचा हात गळ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग दुसरा हातही वर आला. पोराच्या गालांवरून फिरवावेत तसे दोन्ही हात त्या लोखंडावरून सावकाश खाली आले.

“बसू,” ती म्हणाली, “इल्ली बा.”

‘इकडे ये’ एवढंच, पण ती कानडीत बोलली, म्हणजे राग घरातला घरात ठेवायचा होता. बसवेश तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला. पुढचं सगळं ती हळू आवाजात, कानडी-मराठीची मिसळ करून बोलली. गड्यांना ओठ हलताना दिसले, बोलणं कळलं नाही.

“ह्यातनं पाणी कुठनं यायचं रं?”

बसवेश पाटावर सांडलेले तांदूळ गोळा करायला लागला.

“तुझ्या अज्जानं आत्तीस्नी, माझ्या सासूस्नी, काय सांगिटलं हुतं, ठावं हाय? ‘विंजिनाचा भाग हाय’ म्हणून सांगिटलं. हे मला आत्तींनीच मरायच्या आदी सांगिटलं. ‘मला कळलं आसतं तर मी त्ये वाक्य तोंडातनं काढलं नसतं,’ म्हणाल्या. येवढाच घोर हुता त्यांच्या जिवाला. अज्जानं विंजिन सांगिटलं, तू पंप सांगिटलास.”

“आव्वा, कारखाना बंद पडंल,” तो कसाबसा म्हणाला. “ही सगळी माणसं कुठं जातील?”

“मी कुठं म्हणाले वतू नको?” तिचा आवाज चढला नाही. “मला तुला शानपण शिकवायचं न्हाय. आत्तींनी येक ठिवून घेतली आणि बाकीच्यांच्या जिवावर ह्यो पत्रा चढला. त्याच पत्र्याखाली मी सून म्हणून आले, तू जलमलास. मी काय तोंडानं बोलू? पण आत्ती न कळता म्हणाल्या हुत्या. मला कळलंय. मी कसं म्हणू? तू म्हण. मालक तू हाईस. हात फिरव, म्हण, आणि वत.”

तिनं त्याचा हात धरून नगावर ठेवला. लोखंड गार होतं. हळद त्याच्या बोटांना लागली.

“मालक,” मागून गुंडूमामाची हाक आली, “मॅग्नेशियम टाकू काय? टाकलं की मग थांबता याचं न्हाय.”

या गोळ्यांच्या लोखंडात ओतायच्या आधी मॅग्नेशियम टाकावं लागे. टाकलं की मिनिटांत ओतायचं, नाहीतर सगळा घाणा वाया. शिवलीला पुढे आली. “बाबा, काय झालं? म्हणा की लवकर. रीत आहे नुसती.”

रीत नुसतीच होती, हे तिचं बरोबर. सहा शब्दांचं तर वाक्य. बसवेशनं ते लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. चरकावर ऐकलं होतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर गुऱ्हाळ आलं होतं. पंपावर ऐकलं होतं आणि कुणाच्या तरी शेतातलं पाटाचं पाणी आलं होतं. प्रत्येक वेळी त्या वाक्यात एक घर असायचं. त्यानं तोंड उघडलं.

“ज्याच्या घरी जाशील...”

आणि घर आलंच. कुठल्या देशातलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मागचं दार होतं त्याला, दोन झडपांचं. दारात कुणीतरी म्हातारी वाती वळत बसली होती. तिथे वाती वळत नसतील तर शेंगा सोलत असेल, काहीतरी करत असेल. तिला नीट दिसत नव्हतं. वरून काय येतंय ते तिला आवाजावरूनच कळणार होतं.

वाक्य तेवढ्यावरच थांबलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकला. सगळे गडी बघत होते. त्याला लाज वाटली, राग आला, सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या तोंडाचा. एवढी वर्षं लोकांपुढे वटवट करणारं तोंड ऐन वेळी मुकं झालं होतं.

“मालक!” गुंडूमामा ओरडला.

बसवेश उठला. “गुंडूमामा, रसवंतीच्या रोलरचे साचे हाईत काय भरलेले?”

“हाईत की. कोपऱ्यात चार हाईत. का?”

“मॅग्नेशियम टाकू नगंस. रोलर वत.”

“आणि उरलेलं लोखांड?”

“लाद्या पाड वाळूत. परत वितळवू.”

“बाबा!” शिवलीलाच्या आवाजानं दोन गडी मागे सरकले. “डोकं फिरलंय का तुमचं? सहा महिने मी... आणि उद्या? उद्या काय ओतणार आहात?”

“ठाऊक न्हाय.”

“ठाऊक नाही? या सगळ्यांना काय सांगायचं? गुंडूमामांना काय सांगायचं?”

“खरंच ठाऊक न्हाय, लीला,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. पोरीच्या सहा महिन्यांवर आपण बोळा फिरवला, हे त्याला कळत होतं. तिनं हातमोजे काढून साच्यांच्या ओळीवर फेकले, गाडी काढली आणि फाटकातून निघून गेली. ती बरोबर होती. बसवेशला तिला चूक म्हणवेना आणि स्वतःलाही म्हणवेना. गुंडूमामा वळून गड्यांवर खेकसला, “बघताय काय? चला, रोलर!”

बसवेशनं तो नग खणासकट उचलला. चांगलाच जड होता. एका हातानं तो छातीशी धरला, दुसऱ्या हातानं आव्वाला धरलं आणि दोघं घराकडे निघाली. मागच्या दाराशी आल्यावर त्यानं नग खाली ठेवला. फरशीवर ठण् झालं.

“कुठं ठिवलास?”

“आक्काजवळ.”

“आत्तींनी येक ठिवली हुती,” आव्वा म्हणाली. “तू किती ठिवून घेणार हाईस?”

“सगळ्या, आव्वा.”

ती डाव्या झडपेकडे हात करून म्हणाली, “मंग तिकडल्या अंगाला ठेव. त्ये दार कवाधरनं आपटतंय.”

त्यानं नग ढकलत डाव्या झडपेला लावला. वारा आला, झडप हलली, लोखंडाला टेकली आणि गप्प राहिली. एवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. पुण्याचा होता. तो वाजत राहिला आणि बसवेश हळदीची बोटं शर्टाला पुसत राहिला. शेवटी त्यानं फोन कानाला लावला.

पलीकडचा गुळगुळीत आवाज विचारत होता, पहिली बॅच ओतली का, सगळं व्यवस्थित ना.

“पावणं,” बसवेश म्हणाला, “माफी करा. लेक द्यायची न्हाय आमास्नी.”